वेल्डर आउटलेट

वेल्डर आउटलेट म्हणजे विद्युत वेल्डिंग यंत्रास वीज पुरविण्यासाठी बसविलेला, अधिक क्षमतेचा आणि स्वतंत्र परिपथावरील सॉकेट होय. अमेरिकेची संयुक्त संस्थाने व कॅनडा या देशांत घराला जोडून असलेल्या गॅरेजमध्ये दुरुस्ती, लोहारकाम व छंद म्हणून वेल्डिंग करण्याची प्रथा जुनी आहे. त्यामुळे हा सॉकेट तेथील घरगुती विद्युत मांडणीचा परिचित भाग बनला आहे. तो साधारणतः २४० व्होल्ट दाबाचा व ५० अँपिअर क्षमतेचा असतो.

वीजपुरवठ्याचे स्वरूप

उत्तर अमेरिकेतील घरांत भिंतीवरचे नेहमीचे सॉकेट १२० व्होल्टचे असतात. तथापि घरात येणारा पुरवठा प्रत्यक्षात २४० व्होल्टचा असतो. रस्त्यावरील रोहित्राच्या दुय्यम वेटोळ्याला मध्यभागी जोड देऊन न्यूट्रल तार काढलेली असते. दोन्ही टोकांच्या जिवंत तारांपैकी कोणतीही एक आणि न्यूट्रल यांमध्ये १२० व्होल्ट, तर दोन जिवंत तारांमध्ये २४० व्होल्ट दाब मिळतो. दाब दुप्पट झाला की तेवढ्याच शक्तीसाठी प्रवाह निम्मा लागतो. म्हणून शेगडी, कपडे वाळविण्याचे यंत्र व वेल्डर यांसारखी मोठी उपकरणे २४० व्होल्टवर चालवितात.

सॉकेटचे प्रकार

वेल्डरसाठी रूढ असलेला सॉकेट ‘नेमा ६-५०’ या नावाने ओळखला जातो. नेमा ही अमेरिकेतील विद्युत उपकरण उत्पादकांची संघटना असून प्लग व सॉकेट यांचे आकार तिने प्रमाणित केले आहेत. या सॉकेटला दोन उभ्या समांतर खाचा आणि भूसंपर्कन तारेसाठी एक छिद्र असते. न्यूट्रल नसते, कारण वेल्डरला तिची गरज पडत नाही. शेगडीसाठी व विद्युत मोटारींसाठी वापरला जाणारा ‘नेमा १४-५०’ हा सॉकेट चार तारांचा असून त्यात न्यूट्रल असते. जुन्या घरांत ‘नेमा १०-५०’ आढळतो. त्यात दोन जिवंत तारा व न्यूट्रल असतात, स्वतंत्र भूसंपर्कन नसते. तीनही सॉकेट ५० अँपिअरचेच असल्यामुळे ते परस्परांऐवजी चालतील असा समज होतो; तो चुकीचा आहे.

कार्यचक्र आणि तारेची जाडी

वेल्डर सतत पूर्ण प्रवाह घेत नाही. धातूवर आर्क पेटलेला असतो तेवढाच वेळ तो भार टाकतो. मग कारागीर थांबतो, मळी झाडतो, पुढचा तुकडा बसवितो. दहा मिनिटांच्या कालखंडात यंत्र किती वेळ पूर्ण भाराने चालू शकते, त्या प्रमाणास कार्यचक्र म्हणतात. २० टक्के कार्यचक्र म्हणजे दोन मिनिटे काम व आठ मिनिटे विश्रांती.

तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून अधूनमधून वाहणाऱ्या प्रवाहाचा सरासरी तापविण्याचा परिणाम काढताना कार्यचक्राचे वर्गमूळ घेतात. ०.२० चे वर्गमूळ सुमारे ०.४५, तर ०.६० चे सुमारे ०.७८ येते. अमेरिकेतील ‘नॅशनल इलेक्ट्रिकल कोड’ या संहितेच्या ६३० व्या प्रकरणात आर्क वेल्डरसाठी दिलेले गुणक हेच आहेत. (भारतीय मानक ब्यूरोचीही याच नावाची संहिता आहे, तिची येथे गल्लत करू नये.) पहिल्यांदा १८९७ साली प्रसिद्ध झालेली ही अमेरिकन संहिता दर तीन वर्षांनी सुधारली जाते, मात्र तिची कोणती आवृत्ती लागू करावयाची हे राज्य किंवा स्थानिक शासन ठरविते.

लिंकन कंपनीचा ‘एसी-२२५’ हा थडग्याच्या दगडासारख्या आकारामुळे ‘टूम्बस्टोन’ म्हणून प्रसिद्ध असलेला वेल्डर याचे चांगले उदाहरण आहे. तो २२५ अँपिअरचा आर्क देताना पुरवठ्यातून ५० अँपिअर प्रवाह घेतो आणि त्याचे कार्यचक्र २० टक्के आहे. ५० ला ०.४५ ने गुणल्यास २२.५ अँपिअर येतात. त्यामुळे अमेरिकन मापातील १० क्रमांकाची तांब्याची तार, म्हणजे सुमारे ५.३ चौरस मिलिमीटरची, जिची क्षमता ३० अँपिअर मानतात, ती या यंत्रास कायदेशीरपणे पुरते. (या मापात क्रमांक जितका लहान तितकी तार जाड.) एरवी अशा तारेवर ३० अँपिअरपेक्षा मोठा ब्रेकर बसविता येत नाही, परंतु वेल्डरच्या परिपथात तारेच्या क्षमतेच्या दुपटीपर्यंत सवलत असल्याने ५० अँपिअरचा ब्रेकर चालतो. यंत्राच्या पाटीवर परिणामी प्रवाहाचा आकडा दिलेला असल्यास गुणकाचा हिशेब न करता तोच धरतात.

या सवलतीतच धोका दडलेला आहे. ब्रेकर मुख्यतः तारेचे रक्षण करण्यासाठी असतो. येथे मात्र तारेचे रक्षण वेल्डरच्या विश्रांतीवर सोपविलेले असते, आणि ही गोष्ट भिंतीवरच्या सॉकेटकडे पाहून कोणालाही कळत नाही. घर विकले जाते, नवा मालक ५० अँपिअरचा सॉकेट पाहतो आणि तेथे विद्युत मोटार भारित करू लागतो. मोटार ४० अँपिअर प्रवाह रात्रभर घेते. ३० अँपिअरच्या तारेत तेव्हा तिच्या मर्यादेच्या सुमारे १.८ पट उष्णता निर्माण होते आणि ५० अँपिअरचा ब्रेकर स्वस्थ बसून राहतो. भिंतीतील आवरण हळूहळू करपते. आग लागेपर्यंत बाहेर काहीच दिसत नाही.

यावर दोन उपाय आहेत. एक म्हणजे सॉकेटवर ‘फक्त वेल्डरसाठी’ अशी टिकाऊ पाटी लावणे. दुसरा, आणि अधिक भरवशाचा, म्हणजे प्रथमपासूनच पूर्ण ५० अँपिअर क्षमतेची तार घालणे. घरगुती आवरणयुक्त केबल असल्यास ६ क्रमांकाची (सुमारे १३.३ चौरस मिलिमीटर) आणि नळीतून स्वतंत्र तारा नेल्यास, जोडबिंदू ७५ अंश सेल्सिअसला मान्य असतील तर, ८ क्रमांकाची तांब्याची तार लागते. तारेच्या खर्चात वाचविलेले पैसे नंतरच्या रहिवाशाच्या सुरक्षिततेतून वजा होतात, हे ध्यानात घेता दुसरा उपायच योग्य ठरतो. गॅरेज दूर असल्यास जाड तारेचा आणखी एक लाभ होतो : ३० मीटर अंतरावर ५० अँपिअर प्रवाह नेताना १० क्रमांकाच्या तारेत सुमारे १० व्होल्ट, तर ६ क्रमांकाच्या तारेत सुमारे ४ व्होल्ट दाब खर्ची पडतो.

जोडणी

परिपथ वितरण पेटीतील जोडब्रेकरपासून सुरू होतो. हा ब्रेकर दोन्ही जिवंत तारा एकाच वेळी तोडतो. मुख्य ब्रेकर बंद केल्यावरही मीटरकडून येणाऱ्या तारांची टोके पेटीत जिवंतच राहतात. म्हणून हे काम परवानाधारक तंत्रज्ञाकडे सोपविणे इष्ट असते. बहुतेक ठिकाणी पूर्वपरवानगी व तपासणी आवश्यक असते. स्क्रू किती बलाने आवळावा हे उत्पादकाने दिले असल्यास, २०१७ च्या आवृत्तीपासून त्यासाठी मापक साधन वापरणे बंधनकारक आहे. सैल जोड हा तापलेल्या सॉकेटचा नेहमीचा अपराधी असतो. २०२० च्या आवृत्तीने गॅरेजमधील अशा सॉकेटनाही गळती प्रवाहापासून संरक्षण देणे आवश्यक केले. हे साधन सुमारे ५ मिलिअँपिअर गळतीला परिपथ तोडते. काही इन्व्हर्टर वेल्डरांमुळे ते विनाकारण तुटत असल्याच्या तक्रारी आहेत. परंतु त्यावर संरक्षण काढून टाकणे हा उपाय नव्हे.

भूसंपर्कन

गॅरेजजवळ जमिनीत सळई ठोकली की सॉकेट सुरक्षित झाला, हा समज फार पसरलेला आहे. सळई व माती यांचा रोध २५ ओहम धरल्यास १२० व्होल्टला केवळ ४.८ अँपिअर प्रवाह वाहील. त्याने ५० अँपिअरचा ब्रेकर पडणार नाही आणि यंत्राचे लोखंडी कवच जिवंतच राहील. दोषाच्या वेळी ब्रेकर पाडण्याचे काम सळई करीत नाही. ते काम सॉकेटपासून वितरण पेटीपर्यंत परत जाणारी भूसंपर्कन तार करते. सळई मुख्यतः विजेच्या कडकडाटासारख्या बाह्य दाबासाठी असते.

भारतातील स्थिती

भारतात घरगुती पुरवठा २३० व्होल्टचा असून घरातील सॉकेट ६ व १६ अँपिअरचे असतात. १६ अँपिअरच्या सॉकेटमधून सुमारे ३,७०० वॅटपर्यंत शक्ती मिळते, त्यावर लहान इन्व्हर्टर वेल्डर मर्यादेत चालू शकतो. अधिक क्षमतेसाठी औद्योगिक प्लग वापरतात. त्यांत निळा रंग एका फेजच्या सुमारे २३० व्होल्टचा व लाल रंग तीन फेजच्या सुमारे ४०० व्होल्टचा निदर्शक असतो. महाराष्ट्रातील फॅब्रिकेशनच्या दुकानांत बहुधा तीन फेजची जोडणी असते. बांधकामाच्या जागी मात्र उघड्या तारा काडेपेटीच्या काड्यांनी सॉकेटमध्ये खोचून वेल्डिंग चाललेले सर्रास दिसते. अशा जोडणीत भूसंपर्कन तार बहुधा वगळलेलीच असते. घरी मोठा वेल्डर बसविण्यापूर्वी मीटरचा मंजूर भार पुरेसा आहे का हे पाहावे लागते, आणि तो कमी असल्यास वीज वितरण कंपनीकडे वाढीव भारासाठी अर्ज करावा लागतो.