बेनेट, कोलमन अँड कंपनी लिमिटेड

‘द टाइम्स ऑफ इंडिया’, ‘द इकॉनॉमिक टाइम्स’, ‘नवभारत टाइम्स’ व ‘महाराष्ट्र टाइम्स’ या दैनिकांची प्रकाशक कंपनी. तिची जुनी इमारत मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोर, म्हणजे पूर्वीच्या बोरीबंदरात, आहे. त्यावरूनच टाइम्सला ‘बोरीबंदरची म्हातारी’ म्हणू लागले.

पत्र कंपनीहून जुने. ३ नोव्हेंबर १८३८ रोजी ‘बॉम्बे टाइम्स अँड जर्नल ऑफ कॉमर्स’ हे आठवड्यातून दोनदा निघणारे पत्र सुरू झाले आणि १८५० मध्ये त्याचे दैनिक झाले. भागधारकांच्या शब्दाला किती वजन असते, हे १८५७ मध्येच दिसले. उठावाच्या काळात संपादक जॉर्ज बुइस्ट हिंदी लोकांविरुद्ध आग ओकू लागले, तेव्हा हिंदी भागधारकांनी हरकत घेतली. बुइस्ट नमते घेईनात; अखेर त्यांना जावे लागले आणि रॉबर्ट नाइट संपादक झाले. नाइट यांनी १८६१ मध्ये पत्राला आजचे नाव दिले. पुढे टॉमस बेनेट व एफ. एम. कोलमन यांनी पत्र हाती घेतले आणि त्यांच्या नावाची कंपनी उभी राहिली.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ मध्ये, उद्योगपती रामकृष्ण दालमियांनी ती विकत घेतली. या खरेदीचा पैसा आला कोठून, हा प्रश्न पुढे गाजला. दालमिया समूहातील विमा कंपनीच्या पैशांचा गैरवापर फिरोज गांधींनी १९५५ मध्ये लोकसभेत मांडला. व्हिव्हियन बोस आयोगाने समूहाच्या व्यवहारांची चौकशी केली. दालमियांना तुरुंगवास झाला. कंपनी जावई शांतिप्रसाद जैन यांच्याकडे गेली. १९६१ मध्ये ‘द इकॉनॉमिक टाइम्स’ आणि १८ जून १९६२ रोजी ‘महाराष्ट्र टाइम्स’ निघाला. त्याचे पहिले संपादक द्वा. भ. कर्णिक.

१९६९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने संचालक मंडळ बदलले आणि त्यात सरकारनियुक्त संचालक आले. आणीबाणीत, १९७६ मध्ये, कारभार पुन्हा जैन कुटुंबाकडे, अशोककुमार जैन यांच्याकडे आला.

मधल्या काळातला १९७२ चा खटला ही कंपनीची भारतीय वृत्तपत्रसृष्टीला सर्वांत मोठी देणगी मानावी लागेल. त्या वर्षीच्या सरकारी वृत्तपत्र-कागद धोरणाने दैनिकांवर दहा पानांची कमाल मर्यादा घातली होती. खप कमी करून वाचलेल्या कागदावर जादा पाने काढण्यासही मनाई होती. कंपनी ही ‘नागरिक’ नसल्याने तिला अभिव्यक्तिस्वातंत्र्य मागता येत नाही, असा सरकारचा युक्तिवाद होता. सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने हे निर्बंध रद्द केले: कंपनीमागे भागधारक व संपादक ही माणसे आहेत आणि त्यांचे मूलभूत हक्क कंपनीच्या आड लोप पावत नाहीत. न्या. के. के. मॅथ्यू यांचा भिन्नमताचा निकालही मुळातून वाचण्याजोगा आहे. मूठभर मोठ्या पत्रांच्या हाती सगळा कागद एकवटण्याचा धोका त्यांनी गांभीर्याने घेतला.

अशोककुमार यांचे पुत्र समीर व विनीत जैन यांच्या काळात पत्राकडे आधी व्यवसाय म्हणून पाहिले जाऊ लागले. किमतींची स्पर्धा झाली. ‘धर्मयुग’ आणि ‘इलस्ट्रेटेड वीकली’ ही कंपनीची नामांकित साप्ताहिके बंद पडली. जाहिरातींच्या मोबदल्यात इतर कंपन्यांतील हिस्सा घेण्याची आणि पुरवण्यांत पैसे घेऊन मजकूर छापण्याची पद्धत याच काळातली. बातमी आणि जाहिरात यांतली रेष त्यामुळे पुसट झाली, ही टीका रास्तच आहे. अध्यक्षा इंदू जैन यांचे २०२१ मध्ये निधन झाले. मूळ कंपनी शेअर बाजारात नोंदलेली नाही. ‘रेडिओ मिर्ची’ चालवणारी तिची उपकंपनी मात्र २००६ पासून नोंदणीकृत आहे.