शाळेआधीचा हातभार : इंग्लंडमधील वंचित बालकांसाठी जादा अनुदान

इंग्लंडमध्ये शिशुशाळा, पाळणाघरे आणि घरगुती बालसंगोपन ह्यांचा लाभ घेणाऱ्या गरीब कुटुंबांतील बालकांसाठी शासन नेहमीच्या अनुदानाव्यतिरिक्त आणखी एक रक्कम देत असते. ‘अर्ली इयर्स प्युपिल प्रीमियम’ असे तिचे नाव आहे. एप्रिल २०१५ पासून ही योजना अमलात आहे. ती केवळ इंग्लंडपुरती मर्यादित असून स्कॉटलंड, वेल्स व उत्तर आयर्लंड येथील व्यवस्था निराळी आहे.

पार्श्वभूमी

सप्टेंबर २०१० पासून इंग्लंडमधील तीन व चार वर्षे वयाच्या प्रत्येक बालकाला आठवड्याला १५ तास ह्याप्रमाणे ३८ आठवडे, म्हणजेच वर्षाला ५७० तास, विनामूल्य शिशुशिक्षण मिळण्याची सोय झाली. पुढे एप्रिल २०११ पासून गरीब विद्यार्थ्यांमागे शाळांना जादा अनुदान मिळू लागले. परंतु ज्या वयात भाषा, शब्दसंग्रह आणि इतरांशी मिळून-मिसळून वागण्याची सवय आकार घेते, त्या वयातील बालके ह्या जादा अनुदानाबाहेरच राहिली होती.

१९९७ साली सुरू झालेल्या एका विस्तृत संशोधनात कॅथी सिल्व्हा, एडवर्ड मेलह्यूश, पॅम सॅमन्स आदी अभ्यासकांनी सुमारे ३,००० बालकांच्या प्रगतीचा अनेक वर्षे मागोवा घेतला होता. उत्तम दर्जाच्या शिशुशिक्षणाचा विशेष लाभ गरीब घरांतील मुलांना होतो, असे त्यातून दिसून आले. त्याचबरोबर, आईवडील घरी मुलांशी किती बोलतात, त्यांना किती वाचून दाखवतात, ह्यालाही मोठे महत्त्व असल्याचे आढळले. शाळेत पाऊल ठेवतानाच मागे पडलेले मूल पुढे सहसा मागेच राहते, ही चिंता ह्या योजनेच्या मुळाशी आहे. पहिल्या वर्षासाठी, म्हणजे २०१५-१६ साठी, शासनाने ५ कोटी पौंडांची तरतूद केली.

लाभ कोणाला?

आरंभी ही योजना तीन व चार वर्षांच्या बालकांपुरती होती. एप्रिल २०२४ पासून नऊ महिने वयापासूनच्या पात्र बालकांनाही ती लागू झाली. ठरावीक शासकीय साहाय्य घेणाऱ्या कुटुंबांतील मुले तिला पात्र ठरतात. युनिव्हर्सल क्रेडिट घेणाऱ्या कुटुंबांसाठी २०२५-२६ च्या नियमांनुसार अट अशी, की कर वजा जाता कामापासूनची मिळकत वर्षाला ७,४०० पौंडांपेक्षा अधिक नसावी. स्थानिक प्रशासनाच्या देखरेखीखाली वाढणारी, तसेच तेथून दत्तक गेलेली मुलेही पात्र असतात. शाळेच्या ‘रिसेप्शन’ वर्गात प्रवेश घेतलेल्या बालकांना मात्र शालेय योजना लागू होते.

रक्कम किती?

हे अनुदान तासांवर मोजले जाते. २०१५ साली त्याचा दर तासाला ५३ पेन्स होता. संपूर्ण वर्षाचे कमाल ३०२ पौंड १० पेन्स होत. २०२४-२५ मध्ये हा दर ६८ पेन्स होता. एप्रिल २०२५ मध्ये तो १ पौंड करण्यात आला, म्हणजे वर्षाला अधिकाधिक ५७० पौंड. त्याच वर्षी प्राथमिक शाळेतील पात्र विद्यार्थ्यामागे १,५१५ पौंड देण्यात येत होते. लहानग्याच्या वाट्याला थोरल्या भावंडाच्या निम्म्याहूनही कमी रक्कम येते, ह्यावर अनेक शिक्षणतज्ज्ञांनी बोट ठेवले आहे.

विनियोग

ही रक्कम पालकांच्या हाती दिली जात नाही; स्थानिक प्रशासनामार्फत ती संस्थेला पोहोचते. बालकांच्या गरजा ओळखून तिचा विनियोग कसा करावा, हे संस्थेने ठरवावयाचे असते. कोणी सेविकांना भाषाविकासाचे प्रशिक्षण देतात, कोणी वाचातज्ज्ञाला पाचारण करतात, तर कोणी पालकांना घरी नेण्यासाठी पुस्तके पुरवतात. २०२५-२६ च्या दराने एका मुलामागे आठवड्याला मिळणारे १५ पौंड ही काही मोठी रक्कम नव्हती. परंतु दहा पात्र मुले असल्यास त्या दराने वर्षाचे ५,७०० पौंड होत आणि त्यांतून ठोस काही उभे राहू शके. ह्या पैशातून मुलांचे काय भले झाले, ह्याची पाहणी ‘ऑफस्टेड’ ही शासकीय तपासणी संस्था करते.

अडचण कोठे आहे?

अनुदान आपोआप मिळत नाही. पालकांनी आपले नाव, जन्मतारीख व नॅशनल इन्शुरन्स क्रमांक अर्जात भरून द्यावा लागतो. त्यावरून स्थानिक प्रशासन पात्रता पडताळून पाहते. काही पालकांना योजनेची माहितीच नसते, काहींना इंग्रजी अर्ज समजत नाही, तर काहींना आपली गरिबी दुसऱ्यापुढे उघड करण्याचा संकोच वाटतो. अर्ज भरला नाही, तर त्या मुलासाठी संस्थेला काहीच मिळत नाही. म्हणून अनेक संस्था प्रवेशाच्या वेळीच सर्व पालकांकडून, कोणताही भेद न करता, हा अर्ज भरून घेतात. त्यामुळे कोणालाही वेगळे काढल्यासारखे होत नाही. इंग्लंडमध्ये वास्तव्य करणाऱ्या आपल्या वाचकांनी ओळखीच्या गरजू कुटुंबाला अर्ज भरण्यास साहाय्य केले, तर तीही मोलाची सेवा ठरेल.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. सप्टेंबर २०१७ पासून नोकरी करणाऱ्या पालकांच्या तीन व चार वर्षांच्या मुलांना आठवड्याला ३० विनामूल्य तास मिळू लागले. सप्टेंबर २०२५ पासून ही सोय नऊ महिन्यांच्या बालकांपर्यंत पोहोचली. ज्या घरात रोजगारच नाही, तेथील बालकाला सामान्यतः १५ तासांवरच समाधान मानावे लागते. जादा अनुदान त्या मोजक्या तासांचा दर्जा वाढवू शकते. तास वाढवू शकत नाही.

पाच वर्षे वयाच्या ७५ टक्के बालकांचा विकास २०२८ पर्यंत समाधानकारक पातळीवर यावा, असे उद्दिष्ट इंग्लंडच्या शासनाने ठेवले आहे. ते गाठावयाचे असेल, तर अनुदानाचा दर वाढविण्याबरोबरच, ज्या घरापर्यंत अद्याप अर्जही पोहोचलेला नाही, त्या घराचे दार ठोठावणे अगत्याचे आहे.