इंचाला सहा फूट

नंदुरबारला कार्यानुभवाच्या तासाला आपण पुठ्ठ्याची घरं केली. 1942 साली अमेरिकेतल्या शाळकरी मुलांना मात्र नौदलानं विमानांच्या प्रतिकृती करायला सांगितल्या होत्या! लाकडी, काळ्या रंगाच्या, 1:72 प्रमाणातल्या, म्हणजे इंचाला सहा फूट. मागणी पाच लाखांची. नुसत्या आकारावरून आपलं विमान कोणतं आणि शत्रूचं कोणतं, हे सैनिकांना कळायला हवं होतं. ओळख चुकली तर आपलाच वैमानिक जायचा. पुढे प्लॅस्टिकच्या जोडणी-संचांतही हेच प्रमाण रूढ झालं.

आपल्या जवळचं विमान म्हणजे मिग-21. नाशिकजवळ ओझरच्या कारखान्यात ते बनायचं, आणि सुरुवातीला तर सोव्हिएत संघातून आलेले सुटे भाग जोडूनच. तोही एक संचच म्हणायचा, फक्त पूर्ण मापाचा! पंखांचा विस्तार 7.15 मीटर, 1:72 मध्ये जेमतेम 10 सेंटिमीटर. त्रिकोणी पंख, नाकाशी गोल तोंड, त्यात शंकू. एकदा स्वतः जोडलं की कुठल्याही फोटोत ओळखू येतं.

26 सप्टेंबर 2025 रोजी चंदीगडला हवाई दलानं मिग-21 निवृत्त केलं. मेळाव्याला माझं घेऊन येतेय. शेपटीवरचा तिरंगी पट्टा तेवढा चिकटवायचा राहिलाय.