उठावाचा कागद

हस्तनिर्मित शुभेच्छापत्रांचा इतिहास लिहू पाहणारा मनुष्य साहजिकच प्रेमिकांच्या, सणांच्या आणि चित्रकारांच्या दारी जातो. परंतु ज्या उठावाच्या नक्षीवाचून त्या पत्रांना रूपच आले नसते तिचे मूळ शोधू गेल्यास वाट इंग्लंडच्या महसूल खात्याच्या कचेरीत जाऊन पोचते. फ्रान्सशी चाललेल्या लढाईचा खर्च भागविण्यासाठी १६९४ साली, विल्यम आणि मेरी यांच्या अमदानीत, तिथल्या पार्लमेंटने नाना प्रकारच्या दस्तऐवजांवर हशील बसविले, आणि ते भरल्याची खूण म्हणून शाईवाचून, केवळ दाबाने उमटविलेला ठसा कागदावर मारण्याची वहिवाट पडली. आपल्या मोडी पत्रांच्या माथ्यावरचा शिक्का आणि अखेरीचे मोर्तब शाईने उमटत. हा इंग्रजी ठसा मात्र बिनरंगी होता, आणि डोळ्यांइतकाच तो बोटांनाही कळत असे.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडनच्या कागदविक्यांनी हीच युक्ती मुद्रांकाच्या व्यवहारातून काढून नाजूक पत्रांच्या किनारीवर आणली. खाली पोलादात खोलगट कोरलेला ठसा, वर त्यात नेमका बसेल असा चामड्याचा अथवा जाड पुठ्ठ्याचा प्रतिसाचा, मध्ये किंचित ओलसर केलेला कागद, आणि वरून मळसूत्री दाबयंत्राचा दांडा फिरविणारा धट्टाकट्टा मनुष्य, एवढी त्या कारखान्याची सामग्री. कागद कोरडा असला तर फाटे, फार ओला असला तर उठाव बसून जाई. म्हणजे यंत्र कितीही बिनचूक असले तरी अखेरची मुखत्यारी कागद ओला करणाऱ्या बोटांकडेच राही. या धंद्यातील डॉब्ज नावाची पेढी आपले नाव किनारीच्या नक्षीतच बारीक अक्षरांत उमटवीत असे, आणि भागीदारांच्या फेरबदलानुसार ते नाव पालटत गेल्याने आजचे संग्राहक त्यावरून पत्राचा काळ ठरवितात.

याच पेढीत काम करणाऱ्या जोसेफ ॲडनब्रुक या कारागिराने १८३४ साली एक गोष्ट हेरली, ती अशी की, उठाव आलेल्या कागदाचे वर आलेले भाग बारीक कानशीने घासून काढले, तर तेवढ्याच जागी छिद्रे पडतात आणि उरलेला कागद लेसेसारखा जाळीदार दिसू लागतो. पोलादी ठशाचा कारखाना आणि लोहाराची कानस यांच्या संयोगातून प्रेमपत्राची ती प्रसिद्ध जाळी जन्मास यावी, यात मला या साऱ्या कलेची कुळकथा दिसते. हाताचे काम आणि यंत्राचे काम यांत वैर आहे असे समजून जे लोक पहिल्याचे गोडवे गातात त्यांना मान्य होवो वा न होवो, या क्षेत्रात तरी कारखान्याने एखादी वस्तू स्वस्त केली की त्याच क्षणी हातासाठी नवे काम निर्माण झाले आहे.

पण जाळीचा कागद पाठवायचा कसा? जुन्या टपालपद्धतीत पत्राचे हशील अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर आकारले जाई, ते बहुधा घेणाऱ्याच्या माथी पडे, आणि पत्राभोवती लिफाफा घातल्यास तोही एक जादा कागद म्हणून हिशेबात धरला जाई. १० जानेवारी १८४० रोजी रोलंड हिल यांच्या योजनेनुसार अर्ध्या औंसापर्यंतच्या पत्रास देशभर एकच पेनी हशील ठरले, तेव्हा वजन तेवढे सांभाळले की आत कितीही नाजूक थर घालावे, अशी मुभा मिळाली. या योजनेत हिल यांच्या हाताखाली राबलेले हेन्री कोल यांनी १८४३ साली हॉर्स्ले या चित्रकाराकडून नाताळचे पत्र काढवून घेतले. हजार प्रती शिळाछापावर काढून हाताने रंगविल्या, आणि किंमत ठेवली एक शिलिंग, म्हणजे बारा पत्रांचे टपालहशील. चित्रात घरातल्या मुलालाही मद्याचा घोट पाजला जात होता, म्हणून मद्यपाननिषेधवाद्यांनी ओरड केली. ते पत्र फारसे खपले नाही, याचे नवल वाटत नाही.

उठावाच्या कामाचा एक मासला आपल्या मुलखाच्या इतिहासातही आहे. मुंबई इलाख्यात मोडणाऱ्या सिंध प्रांताचे कमिशनर बार्टल फ्रिअर, जे पुढे मुंबईचे गव्हर्नर झाले, यांनी १ जुलै १८५२ रोजी अर्ध्या आण्याचे टपालतिकीट काढले. ते प्रथम लाखेच्या तांबड्या चकतीवर उठाव काढून केलेले होते. लाख ठिसूळ, टपालाच्या थैलीत ती तडकून जाई. म्हणून पांढऱ्या कागदावर बिनरंगी उठाव काढला, तो मंद उजेडात दिसेना. तेव्हा निळा आणला. १८५४ साली साऱ्या हिंदुस्थानासाठी छापील तिकिटे निघाली आणि हा खटाटोप संपला.

अमेरिकेत मात्र शुभेच्छापत्रांच्या कलेला खरा धनी लाभला तो एका तरुणीच्या रूपाने. मॅसॅच्युसेट्समधील वुस्टर गावच्या कागदविक्याची मुलगी एस्थर हाउलंड ही १८४७ साली माउंट होल्योक येथील शिक्षण संपवून घरी आली, आणि तिच्या हाती एक इंग्रजी जाळीदार व्हॅलेंटाइन पत्र पडले. तसलीच पत्रे आपणही करू शकू या भरवशावर तिने काही नमुने केले आणि फिरतीवर निघालेल्या भावाच्या पेटीत ठेवून दिले. दोनशे डॉलरांची मागणी आली तरी पुष्कळ, असा तिचा अंदाज होता. भाऊ पाच हजारांहून अधिक रकमेची मागणी घेऊन परतला, अशी हकीकत नमूद आहे.

हाउलंडबाईंनी यानंतर जे केले ते एखाद्या मुरब्बी कारखानदारालाही शोभले असते. घरातल्याच एका खोलीत मैत्रिणींना लांब मेजाभोवती बसवून त्यांनी कामाची वाटणी केली: एकीने रंगीत चित्रे कातरायची, दुसरीने ती मांडायची, तिसरीने खळ लावायची, आणि ज्यांना घर सोडता येत नसे त्यांच्याकडे सामान व नमुना पेटीतून पोचवायचा. पांढऱ्या जाळीच्या मागे चकचकीत रंगीत कागदाची चकती चिकटविली की जाळी कशी उजळून येते, हे त्यांनी ओळखले. घड्या घातलेल्या कागदी पट्ट्या थरांमध्ये ठेवून वरची जाळी खालच्या चित्रापासून अधांतरी उचलली, त्यामुळे सपाट कागदाला चक्क खोली आली. पत्राच्या पाठीवर त्या तांबड्या शाईचे एक बारीक आद्याक्षर टाकीत. १८७९ साली त्यांच्या कंपनीने निरनिराळ्या रंगांत छापलेल्या कवितांचे पुस्तकही काढले, ज्यातून गिऱ्हाइकाने हवी ती कविता निवडून कातरावी आणि पत्रात डकवावी. कागद विलायती, चित्रे छापील, मजकूरही छापील; आणि तरीही त्या पत्राला हस्तनिर्मित म्हणायला मी क्षणभरही कचरणार नाही, कारण कशावर काय, किती उंचीवर आणि कोणत्या रंगापुढे ठेवायचे, हा निवाडा हाताचाच होता. पुढे त्यांनी धंदा जॉर्ज व्हिटनी यांना विकला.

लुई प्रँग यांच्या बोस्टनच्या छापखान्याने १८७० नंतर अनेक रंगांच्या दगडी छपाईने पत्रे इतकी देखणी आणि मुबलक केली की, बाजारात चिकटकामाची पत्रे मागे पडली आणि ते काम हौसेचे होऊन घराघरांत गेले. तिथे त्याला नवी हत्यारे मिळाली तीही कारखान्यांकडूनच. चार्ल्स गुडइयर यांनी गंधकाने रबर पक्के करण्याच्या कृतीचे १८४४ साली पेटंट घेतले. कवळीचा रबरी पाया भाजण्यासाठी दंतवैद्य जी छोटी भांडी वापरीत, त्यांतच आरंभीचे रबरी शिक्के तयार झाले. कचेऱ्यांत ‘पोचले’, ‘रद्द’, ‘हशील भरले’ असे रूक्ष शेरे मारणाऱ्या या शिक्क्यावर पुढे हौशी लोकांनी फुले आणि पाखरे कोरली. ओल्या शाईवर राळेची पूड भुरभुरून, उरलेली झटकून, उष्णतेने ती वितळविली की अक्षर फुगून चकाकते. या उठावाला पोलादी ठसा लागत नाही की धट्टाकट्टा मनुष्यही लागत नाही, पण जुना उठाव चिमटीला लागतो तसा तो लागत नाही, हेही कबूल केले पाहिजे.

या परंपरेतील सर्वांत अलीकडचे आगंतुक म्हणजे आकसणारे प्लास्टिक. विस्कॉन्सिनमधील ब्रुकफिल्ड गावच्या बेटी मॉरिस आणि केट ब्लूमबर्ग या दोन गृहिणींनी बालवीरांच्या एका उपक्रमातून सुचलेली ही गंमत १९७३ साली ‘श्रिंकी डिंक्स’ या नावाने विक्रीस आणली. पॉलिस्टायरीनचा तक्ता तापलेला असताना ताणून तसाच थंड केलेला असतो. पुन्हा उष्णता लागताच तो आपल्या मूळच्या स्थितीकडे परततो, लांबीरुंदीने सुमारे एकतृतीयांश होतो आणि जाडीने जवळजवळ नऊपट. भट्टीत प्रथम तो वेडावाकडा गुंडाळला जातो, नवखा माणूस घाबरून दार उघडतो आणि तुकडा वाया घालवितो. थोडा धीर धरला तर तो आपोआप सपाट होतो. शिक्क्याने उमटविलेले पाखरू त्यावर घेतले, तर रेषा बारीक होते आणि रंग दाटून गडद होतो, म्हणून जाणते लोक रंग मुद्दाम फिका भरतात. आणि पत्रावर दोऱ्याने टांगायचे असेल तर भोक भाजण्यापूर्वीच पाडून घेतात, तेही हवे त्याच्या तिप्पट मोठे, कारण भट्टीत पाखराबरोबर भोकही आकसते.