पांडवलेण्यातून समुद्राकडे

शाळेची सहल समुद्रावर न्यायची म्हटली, की नाशिककडचे गुरुजी म्हणतात, "आपल्याकडे कुठला आलाय समुद्र!" पण या सहलीचा पहिला मुक्काम नाशिकलाच आहे. तो म्हणजे पांडवलेणी.

तिथल्या १० क्रमांकाच्या लेण्यात नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. काळ इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकाचा. गोवर्धन, शूर्पारक वगैरे ठिकाणी आपण धर्मशाळा बांधल्या आणि दमणा, दाहनुका अशा सहा नद्यांवर उतारूंना फुकट पार नेणाऱ्या नावा ठेवल्या, असं तो सांगतो. गोवर्धन नाशिकजवळचं. शूर्पारक म्हणजे वसई तालुक्यातलं सोपारा, त्या काळचं नामांकित बंदर. आणि दमणा ती दमणगंगा. आपल्या जिल्ह्याच्या डोंगरात उगम पावून ती दमणला समुद्राला मिळते. घाटावरचा माल कोकणात उतरे, तशी घाटावरची मातीही नद्यांबरोबर उतरे.

दुसरा मुक्काम सोपारा. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी इथला स्तूप उकरला. अशोकाच्या आठव्या लेखाचा तुकडाही त्याच साली सापडला. मुलं विचारतील, "गुरुजी, बंदर कुठं आहे?" गावातून समुद्र दिसत नाही. खाडी गाळानं भरत गेली आणि बंदर मागं पडलं. किनारा म्हणजे नकाशावरची कायमची रेघ नव्हे, हा धडा इथं उभ्याउभ्या मिळतो.

तिसरा मुक्काम जवळच्याच कळंबच्या किनाऱ्यावर, ओहोटीची वेळ विचारून घेऊन. भरतीचं पाणी कुठवर येतं, ते मुलांना पावलांनी मोजू द्या. कोकणच्या वाळूवर पसरणारी मर्यादवेल वाळू धरून ठेवते. खाडीकाठच्या तिवरांच्या मुळांत गाळ अडतो, माशांची पिल्लं वाढतात. तिवरं तोडून भराव घातला, वाळू उपसून नेली, की उधाणाचं पाणी गावात शिरायला वाट मोकळी होते. किनाऱ्यावरच्या बांधकामांना १९९१ पासून सरकारी नियम आहेत. पण ते कशासाठी, हे ठाऊक असलेला नागरिक शाळेतच घडायचा.

म्हणून शिक्षक बंधुभगिनींनो, या सहलीला इतिहासाच्या आणि भूगोलाच्या गुरुजींनी बरोबरच निघावं. परतताना शिंपले, वेली आणू नयेत. वह्या मात्र भरून आणाव्यात.