एनटी-प्रोबीएनपी टेस्ट म्हणजे काय? मोबाईलवर आलेला लाल आकडा कसा वाचायचा?

लॅबचा रिपोर्ट आता कागदापेक्षा व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ म्हणूनच जास्त येतो. मी गिरगावात, खोताच्या वाडीत राहतो. इथे आजी-आजोबांचे रिपोर्ट नातवंडंच डाउनलोड करतात आणि 'दादा, हे बघ ना जरा' म्हणून मला पाठवतात. त्यात घाबरवणारी एक ओळ असते: एनटी-प्रोबीएनपी. आकडा हजारांत, समोर मर्यादा 125 आणि शेजारी लाल अक्षरांत 'हाय'. या आकड्यातून नेमकं काय कळतं, ते पाहूया.

हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणं नव्हे

हृदय चालू असतं, पण शरीराला लागेल तेवढं रक्त ते नीट पंप करू शकत नाही. त्यामुळे पायांवर सूज येते, आडवं झाल्यावर दम लागतो. लाकडी जिना एका दमात चढणारे आजोबा मध्येच थांबायला लागले, तर 'वय झालं' म्हणून सोडून देऊ नका.

हा पदार्थ रक्तात येतो कुठून?

हृदयाच्या भिंतींवर ताण आला की तिथल्या पेशी प्रोबीएनपी नावाचं प्रथिन तयार करतात. त्याचे दोन तुकडे होतात. बीएनपी हा तुकडा किडनीला जास्तीचं मीठ-पाणी बाहेर टाकायला लावतो. दुसरा तुकडा एनटी-प्रोबीएनपी. तो काही काम करत नाही, पण रक्तात जास्त वेळ टिकतो, म्हणून मोजायला सोयीचा.

नावातला 'बी' म्हणजे ब्रेन. 1988 मध्ये जपानी संशोधकांना बीएनपी पहिल्यांदा डुकराच्या मेंदूत सापडलं. ते मुख्यतः हृदयात बनतं हे नंतर कळलं, पण नाव तेच राहिलं.

मशीन मोजतं कसं?

दोन अँटिबॉडी या तुकड्याला दोन्ही बाजूंनी पकडतात. त्यातल्या एकीला प्रकाश देणारी खूण जोडलेली असते. जितका प्रकाश जास्त, तितका आकडा मोठा. एकक असतं पिकोग्रॅम प्रति मिलीलीटर. एक पिकोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग!

आकडा कसा वाचायचा?

- ओपीडीत आलेल्या पेशंटचा आकडा 125 पेक्षा कमी असेल, तर हार्ट फेल्युअरची शक्यता कमी.
- अचानक दम लागून इमर्जन्सीत आलेल्यांसाठी मर्यादा वेगळी: 300 च्या खाली असेल तर शक्यता खूप कमी.
- इमर्जन्सीतच, 50 पेक्षा कमी वयात 450, 50 ते 75 मध्ये 900 आणि त्यापुढे 1800 च्या वर गेला, तर शक्यता जास्त.

म्हणजे 80 वर्षांच्या आजोबांचा 600 आणि तिशीतल्या माणसाचा 600 सारखा नाही. किडनी कमजोर असेल किंवा हृदयाचे ठोके अनियमित असतील, तर आकडा वाढतो. लठ्ठपणात तो कमी दिसतो. सॅक्युबिट्रिल-व्हल्सार्टन ही गोळी चालू असेल तर बीएनपी वाढू शकतं, म्हणून अशा पेशंटसाठी एनटी-प्रोबीएनपीच जास्त भरवशाचं. पीडीएफमधल्या लाल रंगाला यातलं काहीच माहीत नसतं.

पुढचा अंदाज कसा लागतो?

इथे एका आकड्यापेक्षा बदल महत्त्वाचा. हॉस्पिटलात दाखल होतानाच्या तुलनेत घरी सोडताना आकडा 30 टक्क्यांहून जास्त उतरला असेल, तर पुढची वाटचाल बरी असण्याची शक्यता वाढते. उतरलाच नाही, तर डॉक्टर जास्त लक्ष ठेवतात. सोबत ट्रोपोनिन (हृदयाच्या पेशींना झालेली इजा) आणि काही ठिकाणी एसटी2 (ताण आणि घट्टपणा) हेही पाहतात.

पण हा अंदाज हजारो पेशंटच्या नोंदींवरून काढलेला असतो. 'आकडा 4000, म्हणजे आजोबांचे इतके महिने' असं कुठलंही गणित नाही. औषधं नीट घेतली तर आकडा खाली येतो, हे मात्र नक्की पाहायला मिळतं.

तुम्ही मोबाईलवर काय करू शकता?

1. सगळ्या पीडीएफ तारखेच्या नावाने एका फोल्डरमध्ये ठेवा. डॉक्टरांना एक नाही, सगळे दाखवा.
2. बीएनपी आणि एनटी-प्रोबीएनपी यांची एकमेकांशी तुलना करू नका. शक्यतो टेस्ट एकाच लॅबमध्ये करा.
3. रोज सकाळी वजन नोट्समध्ये लिहा. तीन दिवसांत दोन किलोहून जास्त वाढलं तर लगेच डॉक्टरांना फोन.
4. स्मार्टवॉच हे मोजत नाही. चॅटबॉटला नुसता आकडा विचारलात तर उत्तरही अर्धवटच मिळणार.
5. आकडा कमी झाला म्हणून गोळी परस्पर बंद करू नका.

आणि दम वाढला, छातीत दुखलं किंवा ओठ निळे पडले, तर रिपोर्ट शोधत बसू नका. 108 लावा. आमच्यासारख्या अरुंद गल्ल्यांत राहत असाल, तर एकाने आधीच रस्त्यावर जाऊन उभं राहायचं, म्हणजे अ‍ॅम्ब्युलन्सला घर शोधावं लागत नाही.