पांढऱ्या पेशींची मोजदाद : गुरांचा छुपा रोग कसा उघडा पडला

जनावराला ताप आला, त्याने वैरण टाकली, की आपल्याला लगेच कळते. पण काही रोग असे की जनावर खातेपिते, दूध देते, गाभण राहते, आणि रोग मात्र रक्तात वर्षानुवर्षे मुक्काम ठोकून असतो. ल्यूकोसिस, म्हणजे गाईगुरांचा विषाणूजन्य रक्तकर्करोग, हा त्यातलाच. तो कसा उघडा पडला त्याची ही हकीकत. हकीकत परदेशची आहे, पण धडा आपल्या गोठ्यालाही लागू आहे.

पहिली खूण

सन 1871 मध्ये लायझरिंग या जर्मन पशुवैद्यांनी एका गाईच्या सुजलेल्या पानथरीत पिवळसर गाठी पाहिल्या आणि लिहून ठेवल्या. पण ही सगळी मेल्यानंतरची तपासणी. जिवंत जनावरात रोग ओळखायचा कसा? 1916 मध्ये क्नुथ आणि फोल्कमान या दोघांनी वाट दाखविली. रोगी गाईंच्या रक्तात लिंफोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी बेसुमार वाढलेल्या त्यांना आढळल्या.

ही मोजणी अवघड नाही. रक्त गोठू नये म्हणून औषध घातलेल्या बाटलीत ते घेतात. त्यातले थोडे पातळ करून, आखलेल्या काचेवर ठेवून, सूक्ष्मदर्शकाखाली पांढऱ्या पेशी मोजतात. दुसरा थेंब काचपट्टीवर पसरून रंगवतात, म्हणजे कोणत्या जातीच्या पेशी किती ते समजते. निरोगी मोठ्या गाईच्या एक घन मिलिमीटर रक्तात पांढऱ्या पेशी साधारण 4,000 ते 12,000 असतात, त्यात लिंफोसाइट अडीच ते साडेसात हजार. वासरात त्या मुळातच जास्त असतात. म्हणून वय विचारल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही.

डेन्मार्कचा तक्ता

डेन्मार्कमध्ये बेंडिक्सन यांनी वयानुसार तक्ता बसविला. अमुक वयाला इतक्या लिंफोसाइट असल्या तर ठीक, इतक्या असल्या तर संशय, त्यापुढे रोग. 1950 च्या दशकाच्या अखेरीस तेथे याच मोजणीवर रोगी कळप शोधून काढून टाकण्याचे काम सुरू झाले. दिसायला धडधाकट, दुभती गाय निव्वळ रक्ताच्या आकड्यावरून खाटकाकडे द्यायची, हे शेतकऱ्याला किती जड गेले असेल ते आपण जाणतोच.

मोजणीत एक मोठी उणीवही होती. विषाणू शिरलेल्या दर तीन जनावरांपैकी सुमारे एकाच जनावरात लिंफोसाइट वाढतात. गाठी होऊन मरणारी तर शंभरात पाचाच्याही आत. बाकीची जनावरे आकड्यात निरोगी ठरतात, पण रोग मात्र पसरवतात. त्यामुळे मोजणीने रोगट कळप सापडे, त्यातली एकेक गाय खात्रीने सापडत नसे.

राजम्याने केलेली मदत

खरा चोर सापडला 1969 मध्ये, अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात. जॅनिस मिलर, कार्ल ओल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रोगी गाईच्या लिंफोसाइट पेशी काचेच्या भांड्यात वाढविल्या. त्यात राजम्यापासून काढलेले एक प्रथिन घातले. या प्रथिनाने झोपलेल्या पेशी जाग्या होतात आणि वाढू लागतात. पेशी जाग्या झाल्या तसा त्यांत दडलेला विषाणूही बाहेर पडला, आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात दिसला.

विषाणू हाती आल्यावर नवी परीक्षा निघाली. 1972 मध्ये मिलर आणि ओल्सन यांनी दाखविले की बाधित गाईच्या रक्तजलात विषाणूविरुद्ध प्रतिद्रव्ये असतात. अगारच्या घट्ट थरात शेजारी शेजारी भोके पाडून एकात विषाणूचे प्रथिन, दुसऱ्यात गाईचे रक्तजल घालायचे. बाधा असेल तर दोहोंमध्ये पांढरी रेघ उमटते. पेशी न वाढलेली गायही आता सापडू लागली. पुढे एलायझा चाचणी आली, ती दुधावरही होते. मोजणीची जागा हळूहळू या चाचण्यांनी घेतली, आणि 1991 मध्ये डेन्मार्क या रोगातून मुक्त जाहीर झाला.

क्वीन्सलंडचा धडा

हा विषाणू राहतो रक्ताच्या पेशींत, आणि फिरतो तो मुख्यतः रक्ताबरोबरच. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंडमध्ये गोचिडांमुळे होणाऱ्या तापाची लस जिवंत वासरांच्या रक्तापासून बनवीत. 1986 मध्ये तिच्या एका खेपेत हा विषाणू शिरला आणि लसीबरोबर अनेक कळपांत गेला. रोग टाळायला टोचले आणि दुसराच रोग आत आला! एवढ्याशा रक्ताची ही करणी.

आपण काय करावे

1. एका सुईने सारा गोठा टोचून घेऊ नका. दर जनावराला वेगळी, निर्जंतुक सुई वापरण्याचा आग्रह धरा.

2. शिंगे काढणे, खच्चीकरण, कानात बिल्ला मारणे यांची हत्यारे प्रत्येक जनावरानंतर धुऊन निर्जंतुक करा. गाभण तपासणीचा हातमोजाही बदलायला सांगा.

3. चावणाऱ्या माश्यांचा बंदोबस्त ठेवा. गोठ्यात शेण-मूत साचू देऊ नका.

4. मानेच्या, खांद्याच्या गाठी सुजल्या म्हणजे ल्यूकोसिसच, असे समजू नका. आपल्याकडे संकरित गाईंत गोचीड तापानेही गाठी सुजतात, आणि त्यावर वेळीच उपचार होतो. म्हणून आधी दवाखान्यात रक्ताची काचपट्टी तपासून घ्या.

5. सहा महिन्यांच्या आतील वासराच्या रक्तजलाची परीक्षा फसवी ठरू शकते, कारण चिकातून आलेली आईची प्रतिद्रव्ये त्यात असतात.

6. दूध उकळूनच प्या. उकळल्यावर हा विषाणू मरतो.

ल्यूकोसिसवर औषध नाही. एकदा शिरलेला विषाणू जन्मभर राहतो. म्हणून जनावर विकत घेताना कास आणि शिंगे पाहता, तशी शंका असेल तर रक्ताचीही परीक्षा करून घ्या. एका थेंबाचा खर्च गाईच्या किमतीपुढे काहीच नाही.